साडेचार मीटरचं शून्य

साहेब, तुम्ही खोटं छापलंय.

तुमच्या आरोग्य खात्याचा वार्षिक अहवाल काढा. पान सत्तेचाळीस, तक्ता नऊ, ओळ चौदा. फीतकृमीबाधा, म्हणजे लोक ज्याला टेपवर्म म्हणतात ती. रुग्णसंख्येच्या रकान्यात गोल गरगरीत शून्य आहे. चुकलं असं म्हणत नाही. चूक कुणाच्याही हातून होते, ती खोडता येते. खोट्याचं तसं नसतं, खोट्याला आधीपासून जागा करून ठेवावी लागते. तुम्ही ती कशी केलीत ते शेवटी येईलच. आधी त्या शून्याच्या आत बसवलेला माणूस बघून घ्या.

तो पाणीपुरवठा कार्यालयात दफ्तरदार आहे. रेकॉर्ड रूम तळघरात. खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे सव्वीस वर्षं त्याला तिथून जगाचे फक्त बूट दिसलेत. पण या सव्वीस वर्षांत त्याच्याकडून एक कागद हरवलेला नाही. एकदा मोठ्या साहेबांच्या टेबलावरून नकाशा गायब झाला, अख्खं कार्यालय घामाघूम झालं, तेव्हा दफ्तरदाराने वर येऊन, कुणाशी न बोलता, साहेबांचं सँडविच उचललं आणि खालून नकाशा काढला. सँडविच परत जागेवर ठेवलं. असा माणूस.

घरीही तेच. विजेच्या बिलांची फाईल, गॅसची फाईल, मुलीच्या पडलेल्या पहिल्या दाताचं पाकीट, पाकिटावर तारीख आणि वेळ. बायको म्हणते, "माझं लग्नाआधीचं आयुष्य तेवढं यांच्याकडे नोंदलेलं नाही, म्हणून ते सुखाचं गेलं."

तर एका मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दफ्तरदार संडासात होता. आता पुढचं ऐकायला कुणाला नाजूक वाटेल. वाटू दे. आतडी सगळ्यांना असतात, साहेब, तुम्हालाही.

त्याला फरशीवर एक पांढरा, चपटा, बोटाच्या पेराएवढा तुकडा दिसला. पहिला विचार आला तो त्याच्या धंद्याला साजेसाच होता: फाईलची नाडी इथे कशी आली? तो वाकला. नाडी आखडली. मग लांब झाली. मग चालायला लागली.

"अगं, ऐकतेस का!"

"टॉवेल दाराला लावलाय."

"टॉवेल नको. साक्षीदार हवाय."

"कशाला?"

"माझ्यातून काहीतरी बाहेर आलंय आणि ते चालतंय."

बाहेर पावलं मागे सरकल्याचा आवाज आला. मग बायकोने विचारलं, "कुठे चाललंय?"

"डावीकडे."

"मग दार उघडू नका."

घरच्या डॉक्टरांनी मान वर न करता गोळी लिहिली. "जंत. सगळ्यांना होतात. हात धुवा, नखं कापा."

"डॉक्टर, हा चपटा होता."

"चपटा म्हणजे?"

"म्हणजे गोल नव्हता."

डॉक्टरांनी मान वर केली. चष्म्यावरून बघितलं. दफ्तरदाराने खिशातून कागद काढला. त्यावर त्याने तुकड्याचं चित्र काढून लांबी, रुंदी आणि चालण्याची दिशा लिहिली होती. डॉक्टर म्हणाले, "चित्रावरून मी काही सांगू शकत नाही. लॅबमधून लिहून आणा." लिहून आणा म्हटल्यावर दफ्तरदाराला बरं वाटलं. जे लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही, असं त्याचंही मत होतं. या मताची किंमत त्याला पुढे कळली.

सरकारी लॅबची खिडकी आठला उघडते आणि नऊला बंद होते. खिडकीवरच्या बाईंनी डबी दिली. दफ्तरदाराने विचारलं, "तुकडा आला तर तुकडा आणू का?"

"तुकडा वेगळा, नमुना वेगळा. नमुन्याचा फॉर्म आहे. तुकड्याचा नाही."

तीन दिवस तीन डब्या. आता यातली गंमत अशी, की या कृमीची अंडी काही रोज हजेरी लावत नाहीत. ती त्या तुकड्यांच्या पोटात बंद असतात. तुकडा फुटला तर अंडी दिसणार, तो अख्खाच निघून गेला तर डबीत काही नाही. कृमीला लॅबच्या वेळा माहीत नसतात. तीन दिवसांनी रिपोर्ट आला: काही आढळले नाही.

हे वाक्य दफ्तरदाराला लागलं. शिवी दिली असती तर चाललं असतं. 'आढळले नाही' हे त्याच्या रेकॉर्ड रूमचं वाक्य होतं. सव्वीस वर्षांत त्याने ते फक्त चार वेळा लिहिलं होतं आणि चारही वेळा, एखाद्याला आठ दिवस तर एखाद्याला तीन महिने लागले असतील, कागद शोधून काढून ते लाल शाईने खोडलं होतं. इथे कुणीतरी तीन डब्यांत नीट न बघता ते लिहून मोकळं झालं होतं, आणि वर त्याचा अर्थ असा निघत होता, की दफ्तरदार खोटं बोलतो.

मग त्याने पुरावा तयार करायचं ठरवलं. त्याच्या पद्धतीने. इथेच घोटाळा झाला.

शनिवारी पुढचा तुकडा आला. दफ्तरदाराने तो बायकोच्या भुवया कोरायच्या चिमट्याने उचलला. तो चिमटा त्या घरात पुन्हा कुणी वापरला नाही. तुकडा नळाखाली धुतला, टीपकागदात दाबला, जाड शब्दकोशाखाली चोवीस तास ठेवला, आणि रविवारी दुपारी डिंक लावून फुलस्केप कागदावर चिकटवला. वर पारदर्शक चिकटपट्टी. खाली तारीख, वेळ, ठिकाण, सही. आवक क्रमांक एक. मग समासात पंच मारून नाडी ओवली. पंच जरा आत गेला आणि भोक नेमकं तुकड्याच्या मधोमध पडलं, पण कागद फायलीत अगदी सरळ बसला.

"साक्षीदार म्हणून सही कर," तो बायकोला म्हणाला.

"मी पाहिलं का ते बाहेर येताना? मी दाराबाहेर होते. न पाहिलेल्यावर मी सही करत नाही. तुम्हीच शिकवलंय."

ते खरं होतं. म्हणून वरच्या मजल्यावरच्या पीटी मास्तरांना बोलवावं लागलं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिट्टी अजून गळ्यात होती. त्यांनीही काही पाहिलं नव्हतं, पण 'पाहिले, बरोबर आहे' असं लिहून झोकदार सही ठोकली. वरून म्हणाले, "कुणाला सांगणार नाही. शब्द आहे."

लॅबच्या तंत्रज्ञाने फाईल उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

"हे काय आहे?"

"पुरावा."

"याला भोक कुणी पाडलं?"

"फायलीत लावायला."

तंत्रज्ञ बिचारा सज्जन होता. त्याने तुकड्याचा कोपरा कातरून काचेवर ठेवला, पाण्याचा थेंब टाकला, सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघितलं आणि लेखी अहवाल दिला. दफ्तरदाराने तो जपून ठेवलाय, कुणालाही दाखवतो. 'नमुन्यात डिंक आढळला. इतर काही आढळले नाही.'

तोवर पीटी मास्तरांचा शब्द तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत आला होता. जिन्यात दफ्तरदार दिसला, की लोक भिंतीला चिकटून वाट द्यायचे. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी दारातूनच सांगितलं, भोपळ्याच्या बिया खा, मूठभर, उपाशीपोटी, माझ्या दिराचा असाच पडला. "किती लांब होता?" दफ्तरदाराने वही काढत विचारलं. काकूंनी दोन्ही हात पसरले आणि मग दाराची चौकट आड यायला लागली म्हणून थांबल्या. मेहुण्याने फोन केला, "भाऊजी, आता जेवायला बोलवायचं तर ताट एक ठेवू की दोन?" मेहुण्याचं बोलणं दफ्तरदार कधीच नोंदवून ठेवत नाही.

पण मास्तरांनी हद्द केली. त्यांचं म्हणणं असं, की कृमीला दुधाचा वास आवडतो. दोन दिवस कडक उपास करायचा, मग कोमट दुधाच्या वाटीवर तोंड आ करून बसायचं. तो वास घेत घेत वर येतो. आला, की मास्तर पकडणार. "माझा हात अजून चलाख आहे." आता आतड्याला घट्ट चिकटून बसलेला, डोळे नाहीत, नाक नाही, तोंडसुद्धा नाही असा प्राणी दुधाच्या वासाने वीस फूट उलटा प्रवास कसा करणार, हे मास्तरांनी सांगितलं नाही. दफ्तरदारानेही विचारलं नाही. डिंकाच्या रिपोर्टने माणूस खचला होता. तो खुर्चीवर ओणवा होऊन तोंड उघडून बसला. मास्तर समोर स्वयंपाकघरातला चिमटा घेऊन. चाळीस मिनिटं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मास्तर ओरडले, "आला!" दफ्तरदाराने डोळे उघडले तर मांजर वाटीतलं दूध पीत होतं.

बायकोने मास्तरांना चिमट्यासकट घराबाहेर काढलं. जाताजाता मास्तर म्हणाले, "वहिनी, मांजराला तुम्ही अडवायला हवं होतं."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच आठवड्यात मुलगी माहेरी आली, चार महिन्यांच्या बाळाला घेऊन. दफ्तरदाराची पहिली नात. तिच्या नावाची फाईल ती जन्मायच्या आधीच उघडलेली होती.

मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. तिने सगळं ऐकून घेतलं, हसली नाही. जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन एक गोल काढला आणि बाण मारले. "हे बघा बाबा. माणसाच्या आतड्यात हा राहतो. याचे शेवटचे तुकडे अंड्यांनी भरले, की गळून बाहेर पडतात. घाण उघड्यावर गेली, की ती अंडी गवतातून जनावराच्या पोटात जातात. तिथे अंड्यातून पिल्लू निघतं, आतडं भोसकून रक्तात जातं, मांसात जाऊन बसतं, तांदळाच्या दाण्याएवढा पाण्याचा फोड करून. ते मांस माणसाने नीट न शिजवता खाल्लं, की फोडातलं डोकं बाहेर येतं, आतड्याला चिकटतं आणि वाढायला लागतं. दोन-तीन महिन्यांत याचे तुकडे सुरू. गोल पुरा."

"हा कागद मला दे," दफ्तरदार म्हणाला. "फायलीला लावतो."

"थांबा, अजून आहे. यांत दोन भाऊ आहेत. एक गुरांच्या मांसातून येतो, दुसरा डुकराच्या. गुरांचा जो आहे त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तरी काही करत नाहीत. डुकराचा वाईट. त्याची अंडी घाणेरड्या हातावरून कुणाच्या तोंडात गेली, तर पिल्लाला कळत नाही हा माणूस आहे की डुक्कर. ते तसंच मांसात जातं. डोळ्यात जातं. मेंदूत जातं. मग झटके येतात."

"कुणाच्या तोंडात म्हणजे?"

"घरातल्या कुणाच्याही."

"आणि अंड्यांवरून ओळखायचं कसं, हा कुठला?"

"अंडी दोघांची सारखीच दिसतात, बाबा."

दफ्तरदाराने टेबलावरचे हात उचलले आणि खिशात घातले. बाळ तेव्हा टेबलाच्या कडेला आईच्या मांडीवर बसून त्याच्याकडे बघून हात हलवत होतं. त्या दिवसापासून त्याने नातीला हात लावला नाही. मुलगी म्हणाली, साबणाने नीट हात धुतले तर घ्यायला हरकत नाही. तो दिवसातून तीस वेळा हात धुवायचा, कातडी सोलवटली, पण घ्यायचा नाही. नात रडली तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून रेकॉर्ड रूमच्या किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा. ती गप्प व्हायची आणि हात पुढे करायची. तो किल्ल्या आणखी जोरात वाजवायचा.

"कुठला ते लेखी मिळाल्याशिवाय नाही," तो म्हणाला.

मुलीने विचारलं, "पण तुम्ही अर्धकच्चं खाल्लंत कुठे? आईच्या हातचं तर कोळसा होईपर्यंत शिजतं."

"बोल, बोल," आई म्हणाली.

दफ्तरदाराने मनातल्या मनात तारखा मागे नेल्या. मग आठवलं. पाच महिन्यांपूर्वी मेहुण्याची बढती झाली, त्याने मोठ्या हॉटेलात नेलं होतं. स्टेक, म्हणजे मांसाचा भाजलेला जाड तुकडा, मागवला. वेटरने वाकून विचारलं, किती शिजवू? दफ्तरदाराला या प्रश्नाला उत्तर असतं हेच माहीत नव्हतं. आणि माहीत नाही म्हणायची मेहुण्यासमोर लाज वाटली. तो म्हणाला, "नियमाप्रमाणे." आलं ते आतून गुलाबी होतं. त्याला शंका आली, नाही असं नाही. पण समोर भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र लावलेलं होतं: येथील मांस तपासलेले आहे. खाली सही, सहीवर गोल शिक्का. दफ्तरदाराने ते प्रमाणपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मगच काटा उचलला.

त्याने तुमच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून खाल्लं, साहेब.

कृमी कुठला ते सांगू शकेल असं माणूस एकच, मेडिकल कॉलेजातल्या परजीवी विभागाच्या मॅडम. आणि त्यांच्याकडे जायला आरोग्य कार्यालयाचं पत्र हवं. दफ्तरदार गेला. काउंटरवर त्याच्याच वयाचा कारकून होता, त्याच्यासारखीच बाही काळवंडलेली. मनातून बरं वाटलं, आपला माणूस. कारकुनाने अहवाल काढला, पान सत्तेचाळीस.

"हा रोग आमच्याकडे नाही."

"मला झालाय."

"नोंद नाही."

"नोंद करायलाच आलोय."

"नोंदीला तपासणीचा कागद लागतो."

"तपासणीला तुमचं पत्र लागतं."

"पत्र नोंदीवर निघतं."

दफ्तरदार काउंटरला धरून उभा राहिला. हे गोल त्याने घरी टेबलावर पाहिलं होतं, बाणांसकट. फक्त त्यात माणूस, गवत, जनावर होतं. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. तिथून कारकुनाचं तोंड कसं दिसतं ते त्याला प्रथमच दिसलं. त्याला आठवलं, आपणही कितीदा म्हणालोय, असा अर्ज आमच्याकडे नाही. त्याचं तोंड उतरलं.

कार्यालयातही कुजबुज पोचली होती. त्याचा चहाचा कप कुणीतरी वेगळा ठेवला, कपावर शाईने खूण केली. मोठ्या साहेबांनी बोलावून प्रेमाने सांगितलं, "थोडी विश्रांती घ्या. मनाच्या डॉक्टरला भेटा. काही लोकांना नसलेलं दिसायला लागतं."

"साहेब," दफ्तरदार म्हणाला, "मला नसलेलं दिसत नाही. जे असून तुम्हाला दिसत नाही ते दिसतं. त्याचाच पगार घेतो मी."

आणि साहेबांचं सँडविच टेबलावर होतं त्याकडे बघत तो बाहेर पडला. सव्वीस वर्षांतलं हे त्याचं पहिलं उलट उत्तर. 

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती उठली. स्टूल घेऊन वरच्या फळीवरून तिची सगळ्यात आवडती बरणी काढली, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची. मोकळी करून धुतली. मुलीला विचारून त्यात मिठाचं पाणी भरलं.

"या वेळी चिकटवायचं नाही. वाळवायचं नाही. भोक पाडायचं नाही. नुसतं यात टाकायचं. आणि पत्र गेलं खड्ड्यात. मी येते बरोबर."

गुरुवारी सकाळी दोन तुकडे मिळाले. दोघं बसने निघाले. बरणी बायकोच्या मांडीवर, रुमालात बांधलेली. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "मध का?"

"पाहुणा आहे," बायको म्हणाली.

परजीवी विभागाच्या दारावर पाटी होती: पत्राशिवाय येऊ नये. बायकोने पाटी वाचली, दार ढकललं आणि बरणी मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडम निवृत्तीला आलेल्या, केस पांढरे, बोटांवर कसल्याशा निळ्या रंगाचे डाग. त्यांनी बरणी उजेडाकडे धरली. आतला एक तुकडा आळसावल्यासारखा हलला.

मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी पोरांना ती कपाटातली पिवळी पडलेली बरणी दाखवतेय. ताजा कुणी आणून दिला नाही. कुणाचा हा?"

"माझा," दफ्तरदार म्हणाला. आणि काय सांगायचं, साहेब, गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा त्याची छाती फुगली.

मॅडमनी हातमोजे घातले. तुकडा दोन काचांमध्ये दाबला, बारीक सुईने आत काळी शाई सोडली. शाई धावत गेली आणि तुकड्याच्या आत एक झाड उमटलं: मधे खोड, दोन्ही बाजूंना फांद्या. "हे याचं गर्भाशय," मॅडम म्हणाल्या, "अंड्यांनी भरलेलं. एका बाजूच्या मुख्य फांद्या मोजायच्या. सात ते तेरा भरल्या तर डुकराचा. पंधराच्या वर गेल्या तर गुरांचा. डोळे अधू झालेत माझे. तुम्ही मोजाल?"

दफ्तरदार भिंगावर वाकला. बायकोने त्याच्या कोटाची मागची शिवण मुठीत धरली होती. तो मोठ्याने मोजत होता. बारा. तेरा. इथे तो थांबला. श्वास घेतला. चौदा. पंधरा. सोळा. सतरा. अठरा.

"पुन्हा मोजतो," तो म्हणाला. पुन्हा अठरा. मग मॅडमनी मोजल्या. अठरा.

"गुरांचा. बाळाला काही धोका नाही. घ्या तिला."

"लेखी द्या," दफ्तरदार म्हणाला.

मॅडमनी लेखी दिलं. बायको बाहेर जाऊन बाकावर बसली आणि बराच वेळ रिकामा रुमाल घडी घालत राहिली.

औषध म्हणजे एकदाच घ्यायची गोळी. वजन करून मात्रा ठरवली, रुग्णालयात दिवसभर बसवलं, दोन तासांनी जुलाबाचं औषध दिलं. मॅडमनी आधीच बजावलं होतं, "गोळीने तो सैल पडतो, बरेचदा विरघळतो, तुकडे तुकडे होऊन जातो. डोकं मिळेलच असं नाही. मान आणि डोकं आत राहिलं तर पुन्हा वाढतो. म्हणून तीन महिन्यांनी परत तपासायचं. डोकं शोधायच्या फंदात पडू नका, मुरलेल्या लोकांनाही ते सापडत नाही."

डोकं सापडत नाही, हे दफ्तरदारासमोर बोलायला नको होतं.

पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी, पाण्यात गाळून धुतलेले तुकडे. सगळा गुंता. बाजूला सात-आठ विद्यार्थी नाक दाबून उभे. दफ्तरदाराने हातमोजे चढवले, चष्मा पुसला आणि कामाला लागला. त्याच्यासाठी ती विस्कटलेली फाईल होती. लांबट तुकडे शेवटची पानं, चौकोनी मधली, आखूड अरुंद पहिली. फाटलेली कड फाटलेल्या कडेला जुळवून त्याने ती लांबच लांब रांग लावली. एक विद्यार्थी म्हणाला, "काका, हा तुकडा इथे लागेल." दफ्तरदार मान न हलवता म्हणाला, "नाही. मधलं एक पान गहाळ आहे." आणि ते त्याने गाळणीच्या जाळीत अडकलेलं काढून दिलं. विद्यार्थ्यांनी नाकावरचे हात काढले. मुलं जवळ आली.

दोन तास लागले. रांग दोऱ्याएवढी बारीक होत गेली आणि संपली. डोकं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "पुरे झालं, खूप झालं." दफ्तरदार म्हणाला, "मी 'आढळले नाही' असं चार वेळा लिहिलंय. चारही वेळा खोडलंय." मग त्याने ट्रे रिकामा करू दिला नाही. पाणी थेंबाथेंबाने काचेवर घेऊन बघितलं. शेवटी त्याने चिमट्याच्या टोकावर टाचणीच्या डोक्याएवढा एक पांढरा ठिपका मॅडमसमोर धरला.

मॅडमनी भिंगातून पाहिलं. "चिकटून बसायचे चार शोषक," त्या सावकाश म्हणाल्या. "डुकराच्याला असतात ते टोचायचे आकडे नाहीत. गुरांचाच. पूर्ण. डोक्यासकट." मग त्यांनी जे केलं ते त्या विभागात कधी झालं नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनीही. मोजपट्टी लावली: साडेचार मीटर. बायको दारात उभी होती. ती शेजारच्या नर्सला म्हणाली, "आमच्या घरात हरवत नाही काही."

त्या संध्याकाळी दफ्तरदाराने हात धुतले, एकदाच, आणि नातीला घेतलं. तिने किल्ल्यांचा जुडगा तोंडात घातला. कुणी काढून घेतला नाही, कारण किल्ल्या त्याने सकाळीच उकळून ठेवल्या होत्या.

तीन महिन्यांनी तपासणी झाली, स्वच्छ. आता गोष्ट संपायला हवी होती. पण नोंद राहिली होती.

मॅडमचा दाखला, मोजमापाचा तक्ता, काचेवरच्या झाडाचा फोटो, तीन प्रती, सगळं नाडीत ओवून दफ्तरदार आरोग्य कार्यालयात गेला. तोच कारकून. या वेळी कारकुनाने सगळी फाईल वाचली, प्रत्येक पान. वाचून झाल्यावर इकडेतिकडे बघितलं आणि खणातून कोरा फॉर्म काढला. दर महिन्याला वर पाठवायचा. तक्ता नऊ.

"हे बघा," तो हळूच म्हणाला. "ओळ चौदा."

फॉर्म कोरा होता. बाकी सगळे रकाने मोकळे होते. ओळ चौदामध्ये शून्य आधीच छापलेलं होतं. छापखान्यातून येतानाच.

"अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं, रोग नाही," कारकून म्हणाला. "रोग नाही म्हणून मांस तपासनीसाचं पद रद्द. पद रद्द म्हणून रोग सापडत नाही."

"मग हॉटेलात चौकटीत सही कुणाची? मी वाचली होती. त्यावर तारीख गेल्या वर्षीची आहे."

कारकुनाने कोरा फॉर्म घाईने खणात परत टाकला. पण त्याने दफ्तरदाराचा अर्ज घेतला, पोच दिली, आवक क्रमांक दिला: तीनशे बारा. आणि पोच देताना उभा राहिला. दफ्तरदार सांगतो, कारकून कारकुनासाठी उभा राहत नाही, हे कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे.

तर लिहून ठेवलंय, साहेब.

तो अर्ज तुमच्या टेबलावर आल्याला सात महिने झाले. मधल्या काळात नवा अहवाल आला. पान बदललंय, आता एकोणपन्नास. ओळ चौदा तीच. शून्य तेच. मेडिकल कॉलेजात साडेचार मीटरचा ऐवज नव्या बरणीत ठेवलाय, डोक्यासकट, अनुक्रमाने. मॅडम निवृत्त झाल्या तरी मुलांना तो दाखवायला येतात आणि सांगतात, हा एका दफ्तरदाराने लावून दिलाय. एवढं लांब जनावर तुमच्या एवढ्याशा शून्यात कसं मावलं? हॉटेलच्या भिंतीवर सही कुणाची? आणि त्याच हॉटेलात आज जो कुणी शिक्का वाचून काटा उचलतोय, त्याच्या घरातलं बाळ कुणाच्या हातात द्यायचं?

दफ्तरदार रोज सकाळी साडेदहाला तळघरात टपाल उघडतो. आवक वहीत एक ओळ रिकामी सोडलीय, पेन्सिलीने लिहिलंय: आरोग्य खात्याचे उत्तर, संदर्भ तीनशे बारा. 'आढळले नाही' असं तो तिथे लिहिणार नाही. त्याला माहीत आहे, कागद कुठेतरी आहे. बहुतेक तुमच्या सँडविचखाली.

उचला ते, आणि उत्तर द्या. लेखी.